सातबारा वेल्ह्याचा, मालक समुद्रापार

मागच्या महिन्यात भोरला बैठक संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता मागं थांबला. शिरवळच्या एमआयडीसीत नोकरी, गाव वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. म्हणाला, "दादा, दुबईत तयार कंपनी मिळतेय. चार वर्षं जुनी. साडेतीन लाखाला. घेऊ का?" पुण्यातल्या एका हॉटेलात तो 'उद्योजक व्हा' छापाच्या सेमिनारला जाऊन आला होता. पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर म्हणाला, "वतनाच्या जमिनीत आमचा वाटा आहे ना. एक रिसॉर्टवाली कंपनी घ्यायला तयार आहे. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करू म्हणतात, कलेक्टरकडं जायची गरज नाही म्हणतात."

म्हणजे वतन जाणार आणि बदल्यात दुबईचा एक कागद येणार. हा लेख त्याच्यासाठी आहे, पण अशी विचारणा करणारा तो एकटा नाही.

आधी ही 'तयार कंपनी' काय चीज आहे ते बघू. एजंट परदेशात कंपनी नोंदवतो, तिच्यात धंदा काहीच करत नाही, फळीवर ठेवून लोणच्यासारखी मुरू देतो. म्हणून तिला शेल्फ कंपनी म्हणतात. वय वाढलं की भाव वाढतो. घेणाऱ्याला मिळते ती फक्त जुनी तारीख. ना ग्राहक, ना माल, ना कामगार. आणि ती नुसती पडून नसेल, आधीच्या मालकानं कर्ज, करथकबाकी, दंड करून ठेवले असतील, तर तेही सोबत येतात. कारण देणं कंपनीच्या नावावर असतं आणि कंपनी आता तुमची असते. ब्रिटनमध्ये नवी कोरी कंपनी घरबसल्या नोंदवता येते, साधी सरकारी फी शंभर पौंडांपेक्षा जास्त नाही. मग साडेतीन लाख कशाचे? आपल्या पोरांच्या अज्ञानाचे.

सेमिनारवाला आणखी एक गोष्ट सांगत नाही. भारतात राहणाऱ्यानं परदेशी कंपनीचे शेअर घेतले की २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. पैसा बँकेतूनच गेला पाहिजे, बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, दरवर्षी त्या कंपनीचा अहवाल द्यावा लागतो. आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ती दाखवावी लागते. लपवलीत तर २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा आहे, त्यात दहा लाखांचा दंड आहे. अलीकडं छोट्या रकमांना सूट दिली आहे, पण 'एजंट बघतो सगळं' या भरवशावर त्या सुटीपर्यंत पोहोचायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

यावर आपल्यातलेच काही म्हणतील, आम्ही कायम नोकऱ्याच मागायच्या का? उद्योग करायचा नाही का? जरूर करा. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी तांदूळ दुबईला पाठवायचा असेल तर आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत मिळतो. त्यासाठी दुबईत कंपनी लागत नाही. लागतो तो तांदूळ, गिरणी, पॅकिंग आणि घेणारा. हे चार नसताना विकत घेतलेली कंपनी हा उद्योग नव्हे, ती व्हिजिटिंग कार्डाची हौस आहे.

मग ही तयार कंपनी खरी कुणाच्या कामाची? फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीनं हचिसनकडून केमन बेटांवरची सीजीपी नावाची आधीपासून नोंदलेली कंपनी घ्यायचा करार केला. सीजीपीचा शेअर किती? एक. त्या एका शेअरमागं मुंबईच्या हचिसन-एस्सारमधला सुमारे ६७ टक्के हिस्सा होता, आणि सौदा ११ अब्ज डॉलरच्या घरातला. आयकर खात्यानं ११ हजार कोटींहून अधिक मागितले. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये खात्याची बाजू उचलली, सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०१२ रोजी कंपनीची. मग सरकारनं कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि २०२१ मध्ये ती मागची तारीख काढून टाकली. पुढच्या सौद्यांसाठी मात्र नियम राहिला: परदेशी शेअरची मोठी किंमत भारतातल्या मालमत्तेतून येत असेल तर इथं कर लागतो.

आयकराची फट बुजवली. जमिनीची बुजवली नाही. माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

जमीन विकली की दस्त होतो, मुद्रांक शुल्क पाच-सहा टक्के भरावं लागतं, फेरफार पडतो, तलाठ्याच्या फलकावर नोटीस लागते. गावाला कळतं, हरकत घेता येते. पण जमीन कंपनीच्या नावावर असेल आणि कंपनीचेच शेअर विकले तर? सातबारा जसाच्या तसा. एक कोटीच्या जमिनीवर पाच-सहा लाख शुल्क, एक कोटीच्या शेअर हस्तांतरावर ०.०१५ टक्के, म्हणजे दीड हजार. आणि त्या कंपनीची मालक असलेली परदेशातली कंपनी परदेशातच विकली गेली तर भोरच्या दुय्यम निबंधकाला त्याचा वासही येत नाही.

परदेशी माणसाला शेतजमीन आणि फार्महाऊस घेता येत नाही, हे खरं. पण हॉटेल, टाउनशिप अशा धंद्यातल्या कंपनीत परदेशी पैसा चालतो. लवासा आठवा. मुळशी आणि वेल्ह्यातली गावं तिच्यात गेली. २००० साली ही कंपनी पर्ली ब्लू लेक रिसॉर्ट्स या नावानं नोंदली गेली, पुढं दोनदा नाव बदललं, २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढं गेली आणि २०२३ मध्ये सुमारे १,८१४ कोटींच्या आराखड्यावर अख्खी कंपनीच दुसऱ्याच्या हाती द्यायला मंजुरी मिळाली. (पुढं तेही फिसकटलं.) ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना या सगळ्यात कुणी काही विचारलं का? इथं परदेशाचा संबंधही नव्हता. असता तर बातमी तरी कळली असती का?

आता महार वतनाकडं या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलायचं विधेयक मांडलं, कारण वतन म्हणजे जमिनीचा तुकडा देऊन पिढ्यानपिढ्या राबवून घेणं होतं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली, जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. शर्त अशी की कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर नाही. गेल्या वर्षी मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार गाजला. तो उजेडात आला कारण दस्त नोंदला गेला होता, शुल्कमाफी कागदावर होती. दस्तच झाला नसता तर? परवानगीची शर्त जमिनीच्या हस्तांतराला आहे, कंपनीच्या हस्तांतराला नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. वर्ग दोनची जमीन ज्या कंपनीच्या नावावर किंवा ताब्यात आहे, तिची मालकी देशात वा परदेशात बदलली तर ते जमिनीचंच हस्तांतर धरा, कलेक्टरची परवानगी घ्यायला लावा, आणि शेवटचा खरा मालक माणूस कोण, ते सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहा. तोवर कुलमुखत्यारपत्रांची यादी गावागावांतून आपणच करायची आहे.

त्या मुलाला घेऊन बसलो. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले आणि त्या रिसॉर्टवाल्या कंपनीचं वार्षिक विवरण उघडलं. पत्ता पुण्याचा, संचालक दोन, आणि जवळजवळ सगळे शेअर एका मॉरिशसच्या कंपनीकडं. त्या कंपनीमागं कोण, ते त्या कागदात नव्हतं. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसला. दुबईचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. साठेखतावर वडिलांची सही झाली आहे, चुलत्याची राहिली आहे. रविवारी आम्ही चुलत्याकडं जाणार आहोत.