फटफटीचे इंजिन आणि घरी बांधलेले विमान

रस्त्यावरून धडधडत जाणारी फटफटी तुम्ही नित्य पाहता. तिचे इंजिन काढून आपल्याला आकाशात उडता येईल काय, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर त्याला हसून गप्प बसवू नका. हाच प्रश्न पुष्कळ मोठ्या माणसांनी विचारला आहे, आणि काहींनी त्याचे उत्तर स्वतःच्या हातांनी दिले आहे.

मोटारसायकल आणि विमान यांचा शेजार जुना आहे. 25 जुलै 1909 रोजी लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली, ती 25 अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनावर. ते बनविणारा अन्झानी हा मोटारसायकलींच्या शर्यतींत नाव कमावलेला गृहस्थ होता. अमेरिकेतील ग्लेन कर्टिस हाही आधी मोटारसायकली बांधी, मग विमानांकडे वळला.

तथापि इंजिन काढले आणि विमानाला जोडले, इतके हे काम सोपे नाही. अडचण प्रोपेलरची. थोडे गणित करून पाहा. दीड मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 6000 फेरे फिरू लागला, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे 470 मीटर धावेल. ध्वनीचा वेग सुमारे 340 मीटर. टोक त्या वेगाजवळ पोहोचले की गोंगाट भयंकर वाढतो आणि ओढ मात्र घटते. तोच प्रोपेलर 2500 फेऱ्यांनी फिरविला, तर टोकाचा वेग दोनशेच्या आत राहतो. फटफटीचे इंजिन मात्र आपली खरी शक्ती वेगाने फिरतानाच देते. म्हणून मध्ये पट्टा किंवा दातेरी चाके बसवून फेरे कमी करावे लागतात. आणि तेथे वजन वाढते, हादरे वाढतात, क्वचित पट्टाही तुटतो.

दुसरी गोष्ट सहनशक्तीची. रस्त्यावर आपण पूर्ण शक्ती क्षणभर वापरतो. चढ संपला की मूठ सैल करतो. विमानाचे इंजिन मात्र उड्डाण घेताना मिनिटेच्या मिनिटे पूर्ण जोर लावते, आणि नंतरही त्याला फारशी उसंत नसते. शिवाय प्रोपेलर विमानाला पुढे ओढतो, तो ताण दांड्याच्या लांबीच्या दिशेने येतो. फटफटीच्या इंजिनाला तो ठाऊक नसतो. त्याच्यासाठी निराळे बेअरिंग हवे. स्पार्कप्लग बंद पडला तर रस्त्यावर आपण गाडी ढकलत नेतो. वर ढकलायला कोण येणार?

या साऱ्याला न जुमानता फ्रान्सच्या आंरी मिन्ये याने 1933 च्या सप्टेंबरात आपले चिमुकले विमान उडविले. त्यात दुचाकीच्या जातीचे, 500 सीसीचे दुटप्पी इंजिन होते. मागे-पुढे दोन पंख, एकच दांडा. तो ओढला की पुढचा पंखच कलायचा. विमानाचे नाव त्याने ठेवले ‘आकाशातील ऊ’. इंग्रजांनी तिची ‘उडती पिसू’ केली. आपल्या पुस्तकात त्याने सगळे नकाशे देऊन टाकले, आणि सामान्य कारागीर आपापल्या कोठारांत लाकूड रंधू लागले. इंग्लंडात स्कॉट आणि डग्लस या मोटारसायकलींच्या कारखान्यांनी अशा लहान विमानांसाठी इंजिनेही काढली.

मग माणसे मरू लागली. दोष इंजिनाचाच, असे सहज वाटते. पण वातबोगद्यात विमान ठेवून पाहिल्यावर वेगळेच दिसले. विमान नाक खाली करून सूर मारू लागले, की दोन पंखांमधील वारा असा वाही की दांडा ओढूनही नाक वर येत नसे. 1936 साली फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही देशांत त्याच्यावर बंधने आली. मिन्येने पुढे पंखांची रचना सुधारली, आणि त्याच्या पद्धतीची विमाने नंतरही बांधली गेली. मला मात्र त्या पहिल्या बांधणाऱ्यांची आठवण होते. त्यांनी इंजिनाची चिंता रात्रंदिवस केली असेल. घात मात्र पंखांनी केला.

आजही हौशी माणसे बीएमडब्ल्यूची आडव्या सिलिंडरांची मोटारसायकल इंजिने छोट्या विमानांना बसवितात. हे एका अर्थी माहेरी परतणे आहे. त्या कारखान्याचे पहिले काम विमानांच्या इंजिनांचेच होते, आणि त्याची पहिली मोटारसायकल 1923 साली विमानांचे इंजिन आखणाऱ्या माक्स फ्रिट्झनेच आखली.

आणि एक मौज. ‘उडती पिसू’ हे नाव दुसऱ्या महायुद्धात रॉयल एनफील्डच्या 125 सीसीच्या एका हलक्या फटफटीलाही पडले. ती लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बांधून छत्रीने खाली सोडीत.