प्रल्हाद शिंदेंचा आवाज कुणाचा?

आषाढी आली की कल्याण-डोंबिवलीच्या नाक्यानाक्यावर ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ वाजू लागते. गणपतीत मंडपामंडपातून ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ ऐकू येते. आणि एप्रिल उजाडला की त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पंचशील ध्वजाखाली, तोच आवाज भीमगीत गातो. हा आवाज कल्याणच्या प्रल्हाद शिंदे यांचा. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्याच वर्षी १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले होते. सव्वा महिन्यात चळवळीचे दोन कंठ मिटले.

प्रल्हाददादांविषयी आपल्याकडे एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी गौरी-गणपतीला न मानण्याची. मग आपल्याच गायकाने गणपतीची, सत्यनारायणाची गाणी का गावीत? प्रश्न चुकीचा नाही. पण विचारणाऱ्याने आधी हिशेब पाहावा. भीमगीताचा गायक जयंतीच्या बिदागीवर किती दिवस चूल पेटवणार? कव्वालीच्या पार्टीतून वर आलेल्या या माणसाकडे कंपन्यांनी मागितली ती बारमाही खपणारी गाणी, आणि खपत होती देवाची!

शिंदे घराणे मूळ मंगळवेढ्याचे. याच गावात वेशीची भिंत बांधताना चोखोबा गाडले गेले. त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या पायरीशी, म्हणजे बाहेरच. १९४८ साली बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते. आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले ते १९४७ साली. १९३३ साली जन्मलेले प्रल्हाददादा तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या दारात त्यांच्या बापजाद्यांना उभे केले नाही, त्या दाराची वाट आज सगळा महाराष्ट्र त्यांच्याच गळ्याने चालतो.

अमेरिकेतील काळ्यांच्या संगीतात असाच एक माणूस होऊन गेला. थॉमस डॉर्सी, जन्म १८९९. तरुणपणी ब्लूज गाणारा, मा रेनी या गायिकेला पियानोची साथ करणारा. पुढे तो देवाची गाणी रचू लागला, तेव्हा त्यात गुत्त्याचा सूर येतो म्हणून काळ्यांच्याच चर्चनी त्याला दार दाखवले. पण त्याच चर्चनी नंतर त्याला डोक्यावर घेतले. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी महालिया जॅक्सनने गायले ते डॉर्सीचेच गीत. फरक इथेच आहे. ते चर्च काळ्यांचे स्वतःचे होते. प्रल्हाददादांनी ज्या देवळाला आवाज दिला ते देऊळ आपले कधीच नव्हते. त्याने आवाज घेतला, माणसाची जात मात्र दाराबाहेरच ठेवली.

तेव्हा दादांना दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहू या. त्यांची भक्तिगीते कंपन्यांनी जपली, कारण त्यात पैसा होता. भीमगीते कुणी जपायची होती? ठाण्या-कल्याणच्या वस्त्यांतून कितीतरी कॅसेटी माळ्यावर बुरशी खात पडल्या आहेत, शाहिरांच्या वह्या रद्दीत जात आहेत. आणि आपण जयंतीला डीजेच्या भाड्यावर हजारो रुपये उधळतो. येत्या जयंतीच्या बैठकीत प्रत्येक मंडळाने वर्गणीतला दहावा हिस्सा या कॅसेटी आणि वह्या गोळा करण्यासाठी बाजूला काढावा, आणि वस्तीतला जो म्हातारा गायक हयात असेल त्याला आधी गाठावे.