देवाच्या छपरावरचे ऊन

गेल्या चैत्रात धरणगावी एका देवस्थानच्या सभामंडपात बसलो होतो. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला आणि आत पंखे गरम वारा ढकलीत होते. विश्वस्तांपैकी एक अण्णा, वयाने माझ्याच बरोबरीचे, पिशवीतून कागदांची चळत काढून म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले. एवढं बघून द्या." निवृत्तीला इतकी वर्षे झाली तरी खानदेशात बँकवाल्याची यातून सुटका नाही. माझ्या कादंबऱ्या वाचल्या नसतील, तरी कागद मात्र सगळे वाचायला देतात!

कागद एका कंपनीच्या प्रस्तावाचे होते. देवस्थानच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर कंपनी स्वखर्चाने सोलर पॅनेल बसवणार आणि देवस्थानने पुढली पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने ती वीज विकत घ्यायची. पदरचा पैसा घालायचा नसल्याने विश्वस्त मंडळ खूश होते. मी विचारले, "अण्णा, पंचवीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" त्यांनी हसून गाभाऱ्याकडे बोट दाखवले.

हसण्यावारी नेण्यासारखी मात्र ही गोष्ट नाही. गच्ची देवाची आहे आणि सही विश्वस्तांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कलम ३६-अ प्रमाणे कर्ज काढायलाही ती लागते. कंपनीच्या कागदात भाडेपट्टा हा शब्द कुठे नव्हता, 'छप्पर वापरण्याचा हक्क' असा होता. पण नाव बदलले म्हणून पंचवीसाची तीन होत नाहीत. असा कागद आधी वकिलाला आणि मग धर्मादाय कार्यालयाला दाखवावा.

मग कर्जच काढले तर? त्यावर अण्णा अहिराणीत म्हणाले, "देवना नाववर करज कसं काढानं, भाऊ?" प्रश्न बरोबर आहे. बँकेच्या खुर्चीत असताना मीही देवस्थानच्या अर्जांपुढे कचरत असे. उद्या हप्ता थकला तर जप्ती कोणावर आणायची?

सरकारी अनुदानाचा दरवाजाही इथे अरुंद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना कुटुंबांच्या घरांसाठी आहे. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळतात, ते तुमच्याआमच्या घराला. पूर्वी सामाजिक संस्थांनाही छपरावरच्या विजेसाठी केंद्राचे अनुदान मिळे, पण २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यापासून ते घरांपुरते राहिले.

मोठ्यांचे असे अडत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेने कर्ज दिले. शिर्डीच्या साईसंस्थानने २००९ मध्ये प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसवून वाफेवर भात-वरण शिजवायला सुरुवात केली. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये होता आणि त्यातले ५८ लाखांच्या आसपास केंद्राने दिले. धरणगावच्या गच्चीसाठी जर्मनीहून कोण येणार?

म्हणून अण्णांना मी माझा जुना धंदा करून दाखवला, म्हणजे पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दहा किलोवॉटला हजारेक चौरस फूट गच्ची लागते. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर वर्षाला १४,६०० युनिट होतात. आठ रुपये दराने वाचलेले बिल १ लाख १६ हजार ८०० रुपये. खर्च साडेपाच लाख धरू. तेवढ्याच रकमेच्या मुदतठेवीवर सात टक्क्यांनी व्याज येते ३८,५०० रुपये. ठेवीचे मुद्दल शाबूत राहते आणि पॅनेल झिजतात हे खरे, पण ते मुद्दल पाच वर्षांच्या आत वसूल होते. कायम निधीला हात लावायचा नाही. दरवर्षी जी शिल्लक ठेवीत जाते, त्यातून हे करावे आणि मालकी देवाकडेच ठेवावी.

यात एक मेख आहे. ऊन दुपारी असते आणि आरती संध्याकाळी. दुपारची जास्तीची वीज महावितरणला देऊन संध्याकाळी वळती करून घेण्याची सोय, म्हणजे नेट मीटरिंग, नसेल तर माझा हिशेब कोसळतो. हे नियम वीज नियामक आयोग बदलत असतो, तेव्हा पैसे भरण्याआधी ताजा नियम पाहावा. देवळाला घरगुती दर लागतो आणि भाड्याने जाणाऱ्या कार्यालयाला व्यापारी, हेही पाहावे. कोणते बिल कमी होणार, यावर सगळे अवलंबून आहे.

परवानगीचा जाच आपल्याकडेच आहे असे मात्र समजू नये. इंग्लंडमध्ये गावच्या चर्चवर पॅनेल बसवायचे तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याकडून रीतसर मंजुरी घ्यावी लागते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या जुन्या प्रार्थनामंदिरावर २०२३ मध्ये ४३८ पॅनेल बसले, तेही वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची हरकत असताना. आपल्याकडे मुक्ताईनगरजवळच्या चांगदेव मंदिरासारख्या संरक्षित वास्तूवर असे काही करू नये, असेच मी म्हणेन. त्या दगडाला ऊन पुरेसे आहे. मंगल कार्यालयाची सिमेंटची गच्ची ही वेगळी गोष्ट झाली. तिथे शोभा बिघडण्याची भीती नाही, गळतीची आहे. आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे, कारण नंतर पॅनेल उचलणे खर्चाचे असते.

हिशेब पटला, पण अण्णांचा चेहरा काही खुलेना. शेवटी म्हणाले, "मखराला चांदी द्यायला लोक रांगेत उभे राहतात, साहेब. गच्चीवर देणगीदाराची पाटी वाचणार कोण?" याचे उत्तर माझ्यातल्या बँकवाल्यापाशी नव्हते, कादंबरीकारापाशीही नव्हते.

आखाजीनंतर विश्वस्तांची बैठक झाल्याचे कळले. कंपनीला नकार कळवून दहा किलोवॉटची दरपत्रके मागवली आहेत. पाटी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी, चपला काढायच्या जागी लावायची ठरली आहे. पहिले दोन देणगीदार त्याच दिवशी मिळाले.