हिमालयात बर्फ, भिवंडीत गारठा : वाऱ्याचा हिशेब समजून घ्या

डिसेंबर-जानेवारीत टीव्हीवर सिमला, गुलमर्ग, केदारनाथच्या बर्फाची चित्रे दिसू लागली की आपल्याकडे पारावर कोणीतरी म्हणतोच, "आता दोन दिवसांत इथंही गारठा पडणार बघा." हे बोलणे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ध्यानात आले तर वालावरची फवारणी वाया जात नाही, उन्हाळी भाताचे आवण पिवळे पडत नाही आणि उघड्यावरचा पेंढाही भिजत नाही. पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांतून शेती जेमतेम उरली आहे. उरलेल्या तुकड्यात जे पिकते ते तरी हाती लागले पाहिजे.

मुळात हा बर्फ येतो कुठून? भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या कमी दाबाच्या लाटा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे सरकतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी झंझावात म्हणते. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा असे झंझावात येतात. डोंगराला अडले की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस. गव्हाला तो पाऊस सोन्यासारखा.

आता आपला भाग. झंझावात येत असताना आणि येऊन गेल्यावर, या दोन वेळी आपल्याकडे हवा अगदी उलटी वागते. तो येत असताना वारा दक्षिण-पूर्वेकडून वळतो, अरबी समुद्राची दमट हवा आत येते, आभाळ भरते आणि रात्रीची थंडी एकदम कमी होते. लोक म्हणतात, थंडी गेली. गेलेली नसते, दारात थांबलेली असते. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून राजस्थान-गुजरातमार्गे उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आभाळ निवळते आणि साधारण दोन-तीन दिवसांत पारा उतरतो. म्हणजे बर्फाची बातमी ऐकली की आधी ढग आणि मग गारठा, हा क्रम लक्षात ठेवा. प्रत्येक झंझावात इतका खाली पोहोचत नाही, हेही खरे. काही नुसतेच वरून निघून जातात.

ढग नुसतेच येऊन गेले तर ठीक. समुद्रावर त्याच वेळी कमी दाबाचा पट्टा असला तर मात्र पाऊस कोसळतो. १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई-ठाण्यात दिवसभर पडलेला पाऊस असाच होता. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या, तेव्हाही हीच जोडी जुळून आली होती. आपल्या तालुक्यात असा पाऊस सर्वांत आधी पेंढा, गवताच्या गंज्या आणि वीटभट्टीवरच्या कच्च्या विटांवर घाव घालतो. जानेवारी २०२२ मध्ये तर पावसाऐवजी धूळ आली. पाकिस्तानातून उठलेले धुळीचे लोट गुजरातवरून थेट उत्तर कोकणात उतरले, गाड्यांवर पांढरी पूड बसली आणि भर दुपारी स्वेटर घालावे लागले. त्याच्याही मुळाशी पश्चिमी झंझावातच होता.

थंडीचा आकडा कोणता धरायचा, यातही घोटाळा होतो. बातम्यांत सांगतात तो सांताक्रूझचा. तिथला आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. समुद्रकाठच्या ठिकाणी किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तर हवामान खाते थंडीची लाट म्हणते. पण समुद्रापासून आत जावे तशी रात्र जास्त थंड होते. पूर्ण्याला खाडी जवळ म्हणून ऊब राहते, तर पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडे त्याच रात्री शेकोटी पेटते. तेव्हा मुंबईचा आकडा ऐकून आतल्या गावांनी गाफील राहू नये. पहाटे मतलई वारा जोरात असेल आणि खारा वारा दुपार टळेपर्यंत आला नाही, तर उत्तरेची हवा पक्की बसली असे समजायला हरकत नाही.

पिकांचे पाहू. भातानंतर ओलाव्यावर टाकलेला वाल हे आपले खरे रब्बी पीक. त्याला थंडी मानवते, ढग मानवत नाहीत. दोन-तीन दिवस ढगाळ आणि दमट हवा राहिली की शेंड्यावर मावा दिसू लागतो. या काळात रोज सकाळी पाने उलटून बघा. मावा थोडा असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पावसाचा अंदाज असेल तर फवारणी थांबवा, औषध धुऊन जाते आणि पैसेही. ढग जाऊन उत्तरेचा वारा सुरू झाला की तो मोका साधा.

आंब्याचे गणित वेगळे. मोहोर फुटायला थंडी हवीच, पण लांबलेली थंडी हापूसला महागात पडते. आधीच्या मोहोराला कणी धरलेली असताना नवा मोहोर फुटतो आणि झाडाचा जोर तिकडे वळून धरलेली फळे गळतात. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम जिबरेलिक आम्लाची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरीवर नजर ठेवावी, हे बागायतदारांना सांगायला नको.

उन्हाळी भाताच्या आवणाला संध्याकाळी पाणी भरून सकाळी काढून टाकावे. रात्रीच्या गारठ्यात रोप उबेत राहते. वासरांखाली कोरडे गवत आणि कोंबड्यांच्या शेडला उत्तरेकडून पडदा, एवढे तर घरची बाईमाणसे आपल्याआधीच करतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. वारा पडलेला असतो तेव्हा ट्रकांनी उडवलेली धूळ रस्त्याकडेच्या वाल-वांग्यांवर बसून राहते आणि धुळकट पानांवर लाल कोळी फोफावतो. हा प्रश्न हवामानाचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे. ग्रामसभेत त्यावर कधी बोलणे होत नाही.

हिवाळा भरवशाचा राहिला नाही, हेही बघतोच आहोत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फच नव्हता, तो महिना सरता सरता पडला. फेब्रुवारी २०२५ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि २६ तारखेला सांताक्रूझला पारा ३८.७ वर गेला. अशा उन्हात उशिरा पेरलेल्या वालाचा फुलोरा गळतो. भात निघताच, ओल असेपर्यंत वाल टाकावा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी. जिल्हावार कृषी हवामान सल्ला देणारी केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. पण त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी पाच दिवसांचा अंदाज देणारी सोय केंद्राने सुरू केली. ई-ग्रामस्वराज, ग्राम मानचित्र आणि 'मेरी पंचायत' ॲपवर तापमान, पाऊस, वारा आणि ढग यांचा अंदाज गावाच्या नावानिशी बघता येतो. हा अंदाज संगणकात बंद राहिला तर त्याचा उपयोग काय? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रोज सकाळी चार आकडे खडूने फळ्यावर लिहावेत : किमान तापमान, ढग, पाऊस, वाऱ्याची दिशा. पाच मिनिटांचे काम आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'भयंकर वादळ येतंय'च्या निरोपांना हाच उतारा.

आणि वाल पेरणाऱ्यांनो, अवकाळीने नुकसान झाले की पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात, पण कागदावर पीकच नसेल तर त्यांचे हात बांधलेले असतात. दहा-पंधरा गुंठ्यांचा वाल म्हणून बरेच जण ई-पीक पाहणीत रब्बीची नोंद करत नाहीत आणि सातबाऱ्यावर जमीन पड दिसते. मोबाईल जमत नसेल तर शिकलेल्या पोराला बांधावर घेऊन जा आणि फोटो काढून नोंद करा. रब्बीची मुदत कधी संपते ते तलाठी कार्यालयात आजच विचारून घ्या.