याला लायसन लागत नाही!

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ पुण्याहून आमच्याकडे कोनला राहायला आला, तो एक लांबुळकं खोकं घेऊनच. आत काय, तर छर्‍याची बंदूक! आई घाबरली. "अरे, पोलीस पकडतील ना!" दादा हसला. "मावशी, दुकानात ओळखपत्र दाखवून रीतसर घेतलीय. याला लायसन लागत नाही."

दोन दिवस आम्ही गच्चीवर रिकामे डबे पाडले. मीसुद्धा पाडले, आणि खरं सांगते, मजा आली. तिसर्‍या दिवशी घरामागच्या शेवग्यावर एक बुलबुल येऊन बसला. दादाने नेम धरला. एक बारीकसा "फट्" आवाज, आणि पक्षी खाली! आजी रागावली, तेव्हाही दादाचं उत्तर तेच, "आजी, याला लायसन लागत नाही."

मित्रांनो, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. म्हणून मी कायदा काढून वाचला. दादाचं म्हणणं खोटं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर गनच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या वर जात असेल तरच परवाना लागतो. आता आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा गणित करून बघू. छरा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. स्पर्धेतल्या एअर रायफलमधून तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. अर्धा एमव्ही स्क्वेअर करा, उत्तर येतं ७ जूलच्या आसपास. म्हणजे मर्यादेच्या निम्मंसुद्धा नाही! पण बुलबुलाला तेवढे पुरतात. माणसाच्या डोळ्यालाही पुरतात. २० जूल ही परवान्याची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे, हे खोक्यावर कुणी छापत नाही.

आणि शस्त्र कायदा हा काही एकटाच कायदा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बुलबुल मारणं म्हणजे शिकार, आणि नुसता तसा प्रयत्न करणंही शिकारच. नेम चुकला तरी गुन्हा! आमच्याकडची मुलं सुट्टीत कर्नाळ्याला जातात. ते पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायचंच नाही. तिथे "जूल किती?" असं कुणी विचारणार नाही.

दिसण्याचा प्रश्न आणखी वेगळा. हुबेहूब पिस्तुलासारखी दिसणारी खेळणी मिळतात, ती कमरेला खोचून आपली मंडळी रील बनवतात. जे फक्त खेळणं म्हणूनच वापरता येतं त्याला १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्र मानत नाही, इथपर्यंत ठीक. पण अटक टाळण्यासाठी तीच नकली बंदूक कुणावर रोखली, तर कलम २८ खाली खरी आणि नकली यांत फरक नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा! मला हे पटतं. समोरच्याच्या पोटात गोळा येतो तो खराच असतो ना?

आणि ज्यांच्या गावच्या घरी पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली आहे त्यांनीही जरा ऐकावं. जुनी म्हणून ती आपोआप सुटत नाही. कलम ४५ ची सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा बंदुकीला. नुसती गंजलेली असेल तर ती बंदूकच. असो.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा निम्म्या वर्गाचं मत पडलं, "मग एअर गनलाही लायसन करा ना!" मला हे मान्य नाही. आपल्या पनवेलमध्येच कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांनी २००६ साली लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या फायनलला त्या होत्या. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवलं तेही याच प्रकारात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हा खेळ शिकायचा तर आधी कचेरीच्या पायर्‍या झिजवा म्हटलं, तर किती पालक तयार होतील? माझे तरी झाले नसते.

मग काय करावं? मला वाटतं, दुकानदाराने ओळखपत्र बघतो तसंच शिकल्याचं प्रमाणपत्रही बघावं. कुठल्याही रायफल क्लबात एक दिवसाचं शिक्षण. बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची, नळी कुणाकडे करायची नाही, छरा अडवायला मागे भक्कम काहीतरी हवं, एवढं तरी कळेल. आम्ही डबे मांडले होते कठड्यावर, आणि कठड्यापलीकडे रस्ता होता! तेव्हा आमच्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. होणार्‍या इंजिनिअरच्यासुद्धा नाही.

बंदूक अजून आमच्याच माळ्यावर आहे. दिवाळीत दादा येणार आहे, पण छर्‍यांची डबी माझ्या कपाटात आहे, कुलपात. पुठ्ठ्याची टार्गेट्स आणून ठेवलीत आणि क्लबच्या फीची चौकशीही केलीय. तो आधी माझ्याबरोबर तिकडे येईल, मगच कुलूप उघडेन. आजीनेही मला तसंच बजावलंय.