विकासविरोधकांनी वाचवलेला किनारा

एखाद्या प्रकल्पाबद्दल कोणी साधा प्रश्न विचारला की लगेच त्याच्या कपाळावर शिक्का बसतो - ‘विकासविरोधी’. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "अहो, जरा लंडनला जाऊन बघा, नदीकाठ कसा असतो ते!"

माझं म्हणणं एवढंच, की जरूर जा. फक्त टप नसलेल्या बसमध्ये बसून फिरू नका. थेम्सच्या दक्षिण काठाने, म्हणजे साऊथ बँकवरून, पायी चाला. मग कळेल की ज्या किनाऱ्याचे दाखले देऊन तुम्ही लोकांना गप्प करता, तो किनारा विकासाला विरोध करणाऱ्यांनीच वाचवलाय.

सध्या कामासाठी लंडनात असल्यामुळे माझे बरेचसे शनिवार या काठावर जातात. आपल्या मंडळींचं लंडनदर्शन कसं असतं? बिग बेनसमोर फोटो, लंडन आयसमोर फोटो, टॉवर ब्रिजसमोर फोटो. मधलं काय पाहिलं म्हणून विचारावं तर, "मधे काय, नुसतं काँक्रीट तर आहे!" तर हे मधलं काँक्रीट काय आहे ते बघू.

वेस्टमिन्स्टर ब्रिज ओलांडा आणि पूर्वेकडे चालू लागा. नदी डाव्या हाताला. टॉवर ब्रिजपर्यंत साधारण चार किलोमीटर. सुरुवातीलाच काउंटी हॉल ही भव्य इमारत लागते. इथे ग्रेटर लंडन कौन्सिलचं मुख्यालय होतं. थॅचरबाईंच्या सरकारने १९८६ मध्ये ही कौन्सिलच बरखास्त केली. आज त्या इमारतीत मत्स्यालय आहे, हॉटेलं आहेत. कौन्सिलचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडं पुढे रॉयल फेस्टिव्हल हॉल. महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती, रेशनिंग अजून चालू होतं, आणि अशा काळात १९५१ साली इथे ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला. त्याच वर्षी सरकार बदललं आणि नव्या सरकारने जवळजवळ सगळं पाडून टाकलं. हा हॉल तेवढा उरला. १९८३ मध्ये वरच्याच कौन्सिलने एक साधा निर्णय घेतला : हॉलचे दरवाजे दिवसाही उघडे ठेवायचे, तिकीट असो वा नसो. आजही तुम्ही सरळ आत जाऊन बसू शकता. कोणी "काय घेणार?" म्हणून अंगावर येत नाही. पोरं गृहपाठ करत बसलेली असतात, आजोबा पेपर वाचत असतात. या निर्णयासाठी एक वीटही रचावी लागली नाही.

शेजारी क्वीन एलिझाबेथ हॉल, १९६७ चा. त्याच्या पोटाखाली खांबांच्या मधे एक अंधारी, उतरती जागा आहे. आर्किटेक्टने ती कशासाठीच काढलेली नव्हती. सत्तरच्या दशकात पोरं तिथे स्केटबोर्ड घेऊन आली ती आलीच. आपल्या भाषेत सांगायचं तर अनडॉक्युमेंटेड फीचर! २०१३ मध्ये कलाकेंद्राच्या विस्ताराची योजना आली. पैसा उभा करायचा म्हणून या जागी दुकानं आणि रेस्टॉरंट्स, आणि पोरांना जवळच दुसऱ्या पुलाखाली नवीकोरी जागा. ऐकायला किती समंजस वाटतं नाही? पोरांनी ठाम नकार दिला, सह्या गोळा केल्या, हरकती नोंदवल्या. २०१४ मध्ये केंद्राने माघार घेतली. २०१९ मध्ये तर तिथला बंद पडलेला भागही दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. जो वापर आपोआप रुजलाय, तो रिफॅक्टरिंगच्या नावाखाली उडवायचा नसतो हे आपल्यासारख्यांना तरी समजायला हवं.

वॉटर्लू ब्रिजखाली जुन्या पुस्तकांची टेबलं लागतात. (इथे अर्धा तास जातोच, हिशेबात धरा :) ) त्यापुढे नॅशनल थिएटर, १९७६ चं. तेव्हा युवराज असलेल्या चार्ल्सनी १९८८ मध्ये त्याला अणुवीज केंद्राची उपमा दिली होती. असेना का. त्याच्या गच्च्यांवर आणि जिन्यांवर लोक मजेत बसलेले असतात.

आता खरा मुद्दा. इथून ऑक्सो टॉवरपर्यंतचा पट्टा म्हणजे कॉइन स्ट्रीट. सत्तरच्या दशकात इथे युरोपातलं सगळ्यात उंच हॉटेल आणि दहा लाख चौरस फुटांहून जास्त ऑफिसं बांधायचा घाट घातला होता. वस्ती ओसरत चाललेली, शाळा-दुकानं बंद पडत आलेली. उरलेल्या रहिवाशांनी विरोध केला. नुसता विरोध करून थांबले नाहीत, पर्यायी आराखडाही केला : परवडणारी घरं, बाग, नदीकाठचा खुला रस्ता. वर्षानुवर्षं चौकश्या चालल्या. शेवटी दोन्ही आराखड्यांना परवानगी मिळाली! मग बिल्डरने कंटाळून आपली जमीन त्या ग्रेटर लंडन कौन्सिलला विकली. कौन्सिलने वापरावर कडक अटी घातल्या. अटींमुळे भाव उतरला आणि १९८४ मध्ये सगळी १३ एकर जमीन रहिवाशांच्या संस्थेला १० लाख पौंडांत मिळाली. दोन वर्षांनी कौन्सिलच राहिली नाही. म्हणजे अगदी शेवटच्या लोकलमध्ये चढल्यासारखं झालं.

मग काय झालं? लंडन बुडालं? आज तिथे सहकारी तत्त्वावरची दोनशेच्या वर घरं आहेत. चळवळीतल्या एका कार्यकर्तीच्या नावाची, बर्नी स्पेन गार्डन्स ही बाग आहे. ऑक्सो टॉवर पाडला नाही, १९९६ मध्ये नव्याने उघडला. खाली कारागिरांची दुकानं, मधे सहकारी घरं आणि वर महागडं रेस्टॉरंट. "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना याच इमारतीत उत्तर आहे. व्यापारी भाड्यातून संस्था आपला खर्च भागवते. फायदा कमवायला कोणाचीच ना नव्हती, तो कोणाच्या खिशात जाणार यावर भांडण होतं.

पुढे टेट मॉडर्न. वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडलं, ते न पाडता २००० मध्ये त्याचं कलादालन झालं आणि कायमचा संग्रह बघायला आजही तिकीट नाही. समोरच मिलेनियम ब्रिज. १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल किंचित डावी-उजवीकडे हलला की चालणारे तोल सावरायला नकळत त्याच तालात पाय टाकत आणि पूल आणखी हलत असे. डँपर बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये परत उघडला. गणित आलं तरी माणसं प्रत्यक्षात कशी चालतात ते माहीत नसेल तर फजिती होते, एवढा धडा तरी घ्यावा.

लंडन म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. आणखी पुढे, टॉवर ब्रिजच्या अलीकडे, काठ चकाचक आहे. काचेच्या इमारती, कारंजी, गुळगुळीत फरशी. ही जमीन खाजगी मालकीची आहे. लंडनच्या महापौरांचं कार्यालय २००२ पासून २०२१ पर्यंत इथे होतं, तेही खाजगी जमिनीवरच! सुरक्षारक्षकाने हटकेपर्यंत हे कळत नाही. आणि याच थेम्सवर झाडांनी भरलेला ‘गार्डन ब्रिज’ होणार होता. रात्री बंद, शिवाय वर्षातले काही दिवस निधी उभारायच्या कार्यक्रमांसाठी बंद. २०१७ मध्ये तो रद्द झाला तोवर पाच कोटी पौंडांच्या वर पैसा उडाला होता, त्यातला बहुतेक जनतेचा. प्रश्न विचारणाऱ्यांचं आधीच ऐकलं असतं तर?

आता पुण्याकडे या. मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ ‘सुधारायचा’ प्रकल्प चालू आहे आणि लंडनचं नाव घेतल्याशिवाय त्यावरची एक चर्चा संपत नाही. तुलना करायचीच तर पूर्ण करा ना! मुठेच्या काठावरचं बालगंधर्व रंगमंदिर आणि साऊथ बँकची हेवर्ड गॅलरी, दोन्ही १९६८ च्या. हेवर्डच्या आसपास माणूस तासन् तास चालतो. बालगंधर्वचं नाटक सुटल्यावर आपण काय करतो? पार्किंगमधून गाडी काढतो. नदीकडे ढुंकून बघत नाही, कारण नाकाला रुमाल लावावा लागतो. थेम्सही १९५७ मध्ये मृत म्हणून जाहीर झाली होती. ती घाट बांधून जिवंत झाली नाही, सांडपाणी आवरल्यामुळे झाली. आणि ते काम संपलेलं नाही. त्यासाठी शहराच्या पोटातून काढलेला २५ किलोमीटरचा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

म्हणून चकचकीत थ्री-डी चित्रं दाखवणाऱ्यांना चारच प्रश्न विचारा. सांडपाण्याचं काय? जमीन कोणाची राहणार? आत्ता तिथे जे आहेत, माणसं आणि झाडंही, त्यांचं काय? आणि खिशात दमडी नसलेल्या माणसाला तिथे दोन तास निवांत बसता येईल का?

उत्तराऐवजी ‘विकासविरोधी’ ही शिवी मिळाली तर खुशाल मिरवा. कॉइन स्ट्रीटच्या लोकांच्या पंगतीत बसायला मिळतंय.