जनसुनावणीत बायका कुठे बसतात?

गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या गटांकडून जी पत्रे आली, त्यांत दारू, रेशन, पोटगीचे खटले हे नेहमीचे विषय आहेतच. पण एक वाक्य नव्याने वाढले आहे : ‘आमची जमीन रस्त्यात चालली.’ नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्याच महिन्यात पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांचा त्याला असलेला विरोध आपण वर्तमानपत्रांत वाचला आहे. याशिवाय ठिकठिकाणी चौपदरीकरण, सहापदरीकरण, गावाबाहेरून काढलेले वळणरस्ते चालू असतात. त्यांची बातमी होत नाही, पण जमीन त्यातही जाते.

रस्ते हवेत की नकोत, असा वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचावी, मुलींची कॉलेजची एस. टी. चुकू नये, असे आपल्यालाही वाटते. माझा प्रश्न वेगळा आहे. लोकांची जमीन सक्तीने घेताना त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कायद्याने काही जागा ठेवल्या आहेत. त्या जागी बायका कुठे आहेत?

आधी या जागा कोणत्या ते पाहू, कारण गावात सगळ्यालाच ‘सुनावणी’ म्हणतात आणि गोंधळ उडतो. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी असे केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेत सांगितले आहे. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, प्रकल्पाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो, सगळ्याचे चित्रीकरण करावे लागते आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. गणपूर्तीची अट मात्र नाही. मांडवात दहा माणसे असली तरी सुनावणी झाली असे धरतात. आणि शंभर किलोमीटरपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण असेल तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर पर्यावरण मंजुरीच लागत नाही, मग सुनावणी कुठली!

दुसरी जागा भूसंपादनातली. राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा वेगळा कायदा आहे. त्यात ‘३ अ’ची अधिसूचना निघाली की एकवीस दिवसांत लेखी हरकत द्यायची, मग सक्षम अधिकारी तुमचे म्हणणे ऐकतो आणि निर्णय देतो. तो निर्णय अंतिम. पुढची ‘३ ड’ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची झाली. पैसे हातात पडलेले असोत वा नसोत.

तिसरी जागा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने दिली. इंग्रजांनी केलेला १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून हा आला, तेव्हा आपल्यासारख्या अनेक संघटनांनी सुटकेचा श्वास सोडला होता. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास व्हायचा, त्यावर गावात सुनावणी व्हायची आणि तिथे केवळ मालकाचाच नव्हे तर मजूर, वाटेकरी, कारागीर यांचाही विचार व्हायचा. आपल्या कामाची जागा होती ती. पण महामार्गांचा कायदा त्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून वगळला गेला. २०१५ मध्ये मोबदला आणि पुनर्वसनाची कलमे राष्ट्रीय महामार्गांना लागू केली, सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू केला नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून राज्याच्या महामार्ग कायद्यालाही तशीच सूट दिली. म्हणजे पैसे जास्त मिळतील, पण विचारणार कोणी नाही. शिवाय आता ‘थेट खरेदी’ आली आहे. संमतीने विकणाऱ्याला जास्त दर मिळतो. खरेदीखताला सुनावणी नसतेच. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याची सही, त्याच्या खात्यात रक्कम.

उरलेल्या जागांत काय घडते ते दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी पाहिले. मंगल कार्यालयात सुनावणी होती. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, मग बागायतदार, मग बाकीचे पुरुष. बायका मागे सतरंजीवर. त्यांना गाड्या करून आणले होते, कारण विरोध दाखवायला गर्दी हवी होती. आदल्याच आठवड्यात मोर्चा निघाला होता, तेव्हा याच बायका पोलिसांच्या समोर पहिल्या रांगेत होत्या. (मुळशीच्या सत्याग्रहापासून हे असेच आहे : अंगावर घ्यायची वेळ आली की बाया पुढे.) तीन तासांत माइक बायकांकडे एकदा आला. पन्नाशीच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात टेबलावरून सूचना आली, “आधी नाव सांगा, गट नंबर सांगा.” बाई म्हणाल्या, “गट नंबर न्हाई साहेब. मी त्या मळ्यात खुरपायला जाते, बारा वर्सं झाली.” उत्तर आले, “मग ताई, तुम्ही बाधित नाही. बाधितांना बोलू द्या.” सभागृहात कोणी हसले नाही, पण कोणी हरकतही घेतली नाही. ज्यांच्या मळ्यात बाई बारा वर्षे खुरपत होत्या ते समोरच बसले होते.

मैत्रिणींनो, तो अधिकारी चुकीचे बोलत होता, हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवे. पर्यावरणाच्या सुनावणीत उपस्थित असलेल्या प्रत्येकाला माहिती मागण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, त्याला गट नंबर लागत नाही. आणि २०१३ च्या कायद्यातली ‘बाधित कुटुंबा’ची व्याख्या अशी आहे की संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारी आणि त्यावरच जिची उपजीविका चालते ती मजूरही बाधित आहे. तिला पुनर्वसनाचा लाभ मागता येतो. फक्त ती तीन वर्षे सिद्ध कशाने करायची? मजुरी रोख, हजेरी मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या घरात. म्हणून मोजणीची कुणकूण लागताच रोजगार हमीचे कार्ड, बचतगटाची वही, रेशनकार्ड आणि शेजारच्या दोन बायांचे जबाब असा कागद आपण तयार करायला हवा. नंतर ते जमत नाही.

जमीन असलेल्या घरातल्या बायकांची स्थिती याहून बरी असेल असे वाटते. तसे नाही. सातबारा काढून पाहा. पुष्कळ ठिकाणी थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नोटीस त्याला येते. विधवा आईचे आणि बहिणींचे नाव असलेच तर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, बँकेच्या बोज्याच्या शेजारी! २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायकांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतातले काम कोण करते हे मी तुम्हांला सांगायला नको.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला होता, देशाचा कायदा २००५ मध्ये बदलला आणि वडील तेव्हा हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले नसेल तर हिंदू वारसा कायद्याखाली येणाऱ्या बहिणींनी हे धरून चालावे. (आदिवासी बहिणींना हा कायदा लागू नाही, त्यांच्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.) पण भूसंपादनाची नोटीस येते आणि पंधरा वर्षे न आलेला भाऊ साडी घेऊन बहिणीच्या दारात येतो. हक्कसोडपत्रावर सही हवी असते. “पैसे अडकलेत, तुझ्या सहीवाचून निघत नाहीत.” सही नाही केली तर दिवाळीला कोण नेणार, मुलीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभे राहणार, हा विचार ती करते. तो वेडेपणा नाही. माहेर हा तिचा एकमेव विमा असतो आणि तो ती पैशाहून मोठा मानते. आमच्या केंद्रात आलेल्या दोघी बहिणींपैकी धाकटीने सही दिली, थोरलीने दिली नाही. थोरलीच्या हिश्श्याची रक्कम न्यायालयात जमा झाली. धाकटीचे माहेर टिकले असे म्हणावे, तर भावाने तालुक्याला फ्लॅट घेतला आणि त्या घरात आईलाही खोली नाही. म्हातारी आता थोरलीकडेच राहते.

थोरलीने केले ते अवघड नव्हते. महामार्ग कायद्यात मोबदल्याच्या वाटणीवरून वाद उभा राहिला तर सक्षम अधिकाऱ्याने तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा असे कलम आहे. रक्कम वाटली जाण्यापूर्वी लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची, एवढेच. एकदा पैसे भावाच्या खात्यात गेले की मागे धावण्यात दहा वर्षे जातात. कार्यकर्त्यांनी म्हणून बहिणींना ‘सही करू नका’ असा उपदेश करण्यापेक्षा ‘सही करण्याआधी एक दिवस थांबा आणि आकडा विचारा’ एवढे सांगावे. आकडा कळला की बरेचसे आपोआप होते, असा माझा अनुभव आहे.

टाकलेल्या आणि एकट्या बायकांविषयी कायदा नवलाने उदार आहे. विधवा, घटस्फोटिता आणि कुटुंबाने टाकलेली बाई यांना २०१३ च्या कायद्यात स्वतंत्र कुटुंब धरले आहे, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषालाही तसेच धरले आहे. पुनर्वसनात मिळणारे घर किंवा जागा नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने देता येते. ‘देता येते’ असे म्हटले आहे, ‘द्यावे’ असे नाही. तिथेच सगळे अडते. पण पाहणीला आलेला माणूस विचारतो, “घर कुणाचं?” आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत नऊ वर्षे वेगळी चूल मांडलेली बहीण भावाच्या कुटुंबात मोजली जाते. पुढे तिचे अनुदान, तिची जागा, काहीच नाही. संयुक्त मोजणीच्या आणि पंचनाम्याच्या दिवशी ती कामावर न जाता घरी असली, तिची चूल, तिचे वेगळे रेशनकार्ड दाखवले गेले आणि पंचनाम्यावर तिची सही झाली तरच पुढचे काही बोलता येते. त्या दिवशी गटातल्या दोघीतिघी तिच्यासोबत असाव्यात. एकटीला पाहून कागद गुंडाळतात.

जमीन न जाणाऱ्यांचेही बोलायला हवे. रस्ता सहापदरी झाला की गाव दोन भागांत पडते. विहीर, स्मशान, शाळा, जनावरांची वाट पलीकडे राहते. भुयारी मार्ग कुठे द्यायचा हे ठरताना ट्रॅक्टर आणि ट्रक मोजतात, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला लागणारा वळसा मोजत नाहीत. हे प्रश्न सुनावणीत विचारायचे असतील तर आधी ते गावात बोलले गेले पाहिजेत. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती बहुतेक गावांत सह्या गोळा करून उरकतात. रस्त्याचा नकाशा त्या सभेत मागावा, भिंतीला लावावा, आपण रोज कुठून कुठे जातो त्या रेघा त्यावर ओढाव्यात आणि ठराव लिहून घ्यावा. मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही हे केले तेव्हा सरपंच म्हणाले, “बाई, ह्याचा काय उपयोग?” ठराव जोडलेल्या अर्जाला उत्तर आले. भुयारी मार्ग चारशे मीटर अलीकडे आला, बसथांबा मात्र लांबच राहिला. त्यासाठी अर्ज चालू आहेत.

ज्या गटांच्या भागात दगड रोवले गेले आहेत किंवा मोजणीच्या नोटिसा आल्या आहेत, त्यांनी नोटिशीची झेरॉक्स, गावातल्या एकट्या बायकांची यादी आणि शेतमजूर बायकांची यादी अशी तिन्ही कागदपत्रे आमच्याकडे पाठवावीत. एकवीस दिवस फार लवकर संपतात, तेव्हा पोस्टाची वाट न पाहता आधी फोन करावा. हरकतीच्या अर्जाचा नमुना आम्ही लगेच पाठवू. तालुक्याला जाणाऱ्या दोघींचे प्रवासभाडे गटाला झेपत नसेल तर तसे कळवावे, ते संघटनेच्या निधीतून देण्याचे गेल्या बैठकीत ठरले आहे.